आयर्लंडची चर्चेस रिकामी का झाली?

आयर्लंडचं नाव मराठी घरांत गेल्या काही वर्षांत दोनदा घरच्या बातमीसारखं आलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार तिथल्या गॉलवे शहरात मरण पावली. वय ३१, सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नाही हे कळून चुकलं होतं, पण त्याचे ठोके सुरू आहेत तोवर गर्भपात करून मिळाला नाही आणि जंतुसंसर्गाने तिचा जीव घेतला. पुढे जून २०१७ मध्ये लिओ वराडकर पंतप्रधान झाले. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉक्टर, मुलगा समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगणारा. पाच वर्षांच्या आत घडलेल्या या दोन गोष्टी एकाच देशातल्या वाटत नाहीत. त्या का घडल्या हे समजायचं तर तिथल्या चर्चचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयर्लंडमधले दहापैकी नऊ कॅथलिक दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, जात. हे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं होतं, असा समज आहे. तो बरोबर नाही. अठराव्या शतकात इंग्रजी राजवटीच्या जाचक कायद्यांनी कॅथलिकांना जमीन विकत घेण्याची, सरकारी पदाची, मतदानाची बंदी होती. माळरानावरच्या एखाद्या मोठ्या खडकाला वेदी मानून मिस्सा व्हायची. असे खडक तिथे आजही दाखवतात. लोकांचा धर्म होता तो पवित्र विहिरींचा, गावच्या संताच्या जत्रेचा, मयताच्या घरी रात्र जागवण्याचा. १८२९ मध्ये कॅथलिकांचे नेते डॅनियल ओकॉनेल यांच्या लढ्याने राजकीय हक्क मिळाले, पण पश्चिमेकडच्या गरीब मुलखात धर्मगुरूही कमी होते आणि रविवारची हजेरीही.

१८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि सगळंच उलटंपालटं झालं. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच जहाजांत बसून देश सोडून गेली. सर्वांत जास्त मेले ते भूमिहीन मजूर, म्हणजे विहिरी-जत्रांचा जुना धर्म जपणारेच. मागे उरला तो जमीन राखून असलेला, शिस्तीचा शेतकरी. त्याच सुमारास रोमहून आलेले आर्चबिशप पॉल कलन यांनी १८५० मध्ये थर्ल्स इथे धर्मसभा भरवली आणि चर्चला कडक घडी घालून दिली. नवी चर्चेस उभी राहिली, रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, घरोघरी गेली. आयरिश भाषा हातची जात होती, राज्य परक्याचं होतं. ‘आम्ही वेगळे’ हे सांगायला कॅथलिक असणं हीच एक खूण उरली. मला वाटतं, इथेच श्रद्धा आणि राष्ट्र यांची गाठ इतकी घट्ट बसली की पुढे एकाला ओढ बसली की दुसरं हललंच.

१९२२ मध्ये देश स्वतंत्र झाला तो कफल्लक. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम चर्च चालवत होतंच. सरकारने ते त्यांच्याकडेच राहू दिले. १९३५ मध्ये गर्भनिरोधकांच्या विक्रीवर बंदी आली. १९३७ च्या राज्यघटनेने चर्चला ‘विशेष स्थान’ दिलं आणि घटस्फोटाला मनाई केली. १९५१ मध्ये आरोग्यमंत्री नोएल ब्राऊन यांनी माता आणि मुलांसाठी मोफत उपचारांची योजना मांडली. बिशपांनी विरोध केला, मंत्रिमंडळाने माघार घेतली आणि ब्राऊन यांना पायउतार व्हावं लागलं.

मग १९६१ च्या अखेरीस टीव्ही आला, १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं. मे १९७१ मध्ये काही बायका डब्लिनहून आगगाडीने ब्रिटनच्या ताब्यातल्या, ही बंदी नसलेल्या बेलफास्टला गेल्या आणि गर्भनिरोधकं घेऊन परतल्या. गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळेनात, म्हणून त्यांनी अ‍ॅस्पिरिन घेतली आणि स्टेशनवर कस्टमच्या लोकांसमोर त्याच ‘त्या’ गोळ्या असल्याचं भासवून गिळून दाखवली. कुणाला अटक झाली नाही.

तरीही सप्टेंबर १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून जास्त माणसं लोटली. १९८३ मध्ये सार्वमताने घटनेत दुरुस्ती झाली : गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क सारखाच. सविताच्या वेळी डॉक्टरांचे हात बांधले ते या ओळीने. पुढच्याच वर्षी, जानेवारीच्या थंडीत, ग्रॅनार्ड गावात पंधरा वर्षांची एक मुलगी मारियामातेच्या मूर्तीपाशी एकटीच बाळंत झाली. बाळ गेलं, तीही गेली. त्यानंतर देशभरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं कुणाला न सांगितलेलं रेडिओला पत्रांतून लिहून कळवलं. ती पत्रं हवेवर वाचली गेली आणि घराघरांत ऐकली गेली.

चर्चवरचा विश्वास मात्र तुटला तो नव्वदच्या दशकात. १९९२ मध्ये गॉलवेचे लोकप्रिय बिशप एमन केसी यांना, ब्रह्मचर्याचं व्रत असताना, मुलगा असल्याचं उघड झालं. ते लोकांनी कदाचित पोटात घातलंही असतं. पण १९९४ मध्ये ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूने दशकानुदशकं मुलांवर केलेले अत्याचार बाहेर आले आणि त्या प्रकरणाच्या हाताळणीवरून सरकारच कोसळलं. २००९ मध्ये दोन चौकशी अहवाल आले. धर्मसंघांच्या वसतिशाळांत मुलांना मारहाण आणि लैंगिक छळ सर्रास होता, हे एकाने नोंदवलं. डब्लिनच्या चर्चने तक्रारी दाबल्या, हे दुसऱ्याने. लोकांना सर्वांत जास्त झोंबलं ते हे दाबणं. ज्यांच्यापुढे आपण गुडघे टेकून पापं कबूल केली, त्यांनी स्वतःची लपवली.

मग सार्वमतांचे निकाल एकेक करून उलटत गेले. घटस्फोट १९९५ मध्ये जेमतेम नऊ हजार मतांनी मंजूर झाला, समलिंगी विवाह २०१५ मध्ये ६२ टक्क्यांनी. २०१८ मध्ये गर्भपातबंदीची ती ओळ ६६ टक्क्यांनी पुसली गेली. डब्लिनमधल्या सविताच्या भित्तिचित्रावर लोक चिठ्ठ्या चिकटवत होते. त्याच ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस आले, तेव्हा फिनिक्स पार्क अर्धंही भरलं नाही.

२०११ च्या जनगणनेत ८४ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं होतं, २०२२ मध्ये ६९ टक्क्यांनी. हे आकडे कागदावरचे; रविवारी बाकांवर दिसणारे याहून खूप कमी. पण नातं पार तुटलंय असंही नाही. बहुतेक प्राथमिक शाळा अजून चर्चच्याच आहेत. एरवी चर्चकडे न फिरकणारे आईबापही मुलांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) करतात. काही ठिकाणी वेदीवर भारतातून आलेले फादर असतात, तर केरळच्या नर्सबाई आणि त्यांची कुटुंबं आपली, केरळच्या सिरो-मलबार पंथाची मिस्सा भरवतात.

ट्यूम गावात अविवाहित मातांसाठी नन्सनी चालवलेलं एक गृह होतं, १९२५ ते १९६१. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी तिथे मेलेल्या मुलांचे मृत्यूचे दाखले एकेक करून मिळवले. ७९६ निघाले. दफनाची नोंद जवळपास कुणाचीच नाही. पुढे तपासात जुन्या सांडपाण्याच्या बांधकामात बाळांची हाडं सापडली. जुलै २०२५ मध्ये तिथे खोदकाम सुरू झालं. हाडं वेगवेगळी करून, जमेल त्यांची ओळख पटवून, त्यांना पुन्हा नीट पुरायचं आहे.