२५२० ही ‘एकमेव’ संख्या आहे का?

वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज सांगतो: १ ते १० या सगळ्या संख्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या आहे आणि तिचं रहस्य ७ वार × ३० दिवस × १२ महिने या गुणाकारात आहे.

भाग जातो हे खरंच. ‘एकमेव’ मात्र बरोबर नाही. तिची दुप्पट, ५०४०, घेऊन पाहा: ७ ने भागल्यावर ७२०, ८ ने ६३०, ९ ने ५६०. बाकी शून्य. तिप्पट केली तरी तेच. म्हणजे अशा संख्या अनंत आहेत आणि २५२० ही त्यांतली सर्वांत लहान. शाळेतला लसावि तो हाच.

तो काढायला कागद-पेन पुरे. ८ साठी तीन वेळा २ हवेत, ९ साठी दोन वेळा ३, शिवाय एक ५ आणि एक ७. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. उरलेल्या २, ३, ४, ६, १० यांचे अवयव यात आलेच. मला हे कुठल्याही रहस्यापेक्षा सुंदर वाटतं.

वार-महिन्यांचा गुणाकारही चुकीचा नाही. ३० × १२ मध्ये ८, ९ आणि ५ यांचे अवयव आहेत, वारांमुळे ७ मिळतो, एवढंच. पण वर्ष काही ३६० दिवसांचं नसतं. ३६५ ला ७ ने गुणलं तर २५५५ येतात आणि त्यांना २ नेही भाग जात नाही.

हीच रीत १ ते २० साठी वापरली, तर उत्तर येतं २३,२७,९२,५६०.