कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या: मुलींच्या 'मुलासारख्या' नावांची पार्श्वभूमी

भाचीचं बारसं होतं. झबलं घातलेला वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरवत बायका म्हणत होत्या, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.' एका मावशीच्या मध्येच लक्षात आलं, 'अगं, मुलगी आहे, गंगा घ्या, यमुना घ्या म्हणा!' हशा पिकला, पण तोवर गोविंद-गोपाळांच्या दोन फेऱ्या होऊन गेल्या होत्या. आत्यानं बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं, तिच्या पाठीत रीतसर धपाटे बसले आणि नाव सगळ्यांना कळल्यावर मागून आवाज आला, 'हे तर मुलाचं नाव!' ते नाव इथे देत नाही. मोठी झाल्यावर तिचं ती सांगेल. पण 'मुलाचं नाव' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला तो बसलाच.

मुळात मराठीत बाई की बुवा हे सांगायचं काम नावाकडे कमी आणि क्रियापदाकडे जास्त असतं. 'किरण आला' म्हटलं की मुलगा, 'किरण आली' म्हटलं की मुलगी. मधलं नाव तर दोघांनाही वडिलांचंच. त्यामुळे किरण, शशी, सुहास ही नावं दोन्हीकडे सुखानं नांदली. शशिकांत असो वा शशिकला, घरात दोघंही शशीच. सुहास नावाचे प्राध्यापक आपल्याला माहीत असतात आणि सुहास जोशी म्हटलं की रंगभूमीवरची ज्येष्ठ अभिनेत्री डोळ्यांपुढे येते. गोंधळ होत नाही. व्याकरण काढून बसलं तर आणखी गंमत. किरण तो, शशी तो, हास तो. कमळ ते, सुमन ते, कुसुम ते. आपल्या कमलताई, कुसुमताई आणि सुमनमावशी व्याकरणाच्या हिशेबानं नपुंसकलिंगी. उत्तरेत कमल नावाचे पुरुष भेटतात तेव्हा आपल्याला उगाच हसू येतं.

बरं, फूल म्हणजे मुलीचं नाव असंही नाही. संस्कृत काव्यात नाजूकपणाची उपमा द्यायची तर शिरीषाच्या फुलाची देतात, आणि महाराष्ट्रात शिरीष म्हटलं की डोळ्यांपुढे येतो मिशीवाला मनुष्य. आचार्य अत्र्यांनी मात्र १९२९ साली जन्मलेल्या आपल्या मुलीचं नाव शिरीष ठेवलं. त्याच पुढे मराठीत हायकू रुजवणाऱ्या शिरीष पै. किती पत्रांवर त्यांच्या नावामागे 'श्री.' लागलं असेल, देव जाणे.

काही नावं तर नुसती ऐकायला पुरुषी वाटतात. भीमाबाई म्हटलं की गदाधारी भीम आठवतो, पण भीमा ही नदी आहे. भीमाशंकरला उगम पावते आणि पंढरपुरात चंद्रभागा म्हणवते. यशवंतराव होळकरांची लेक भीमाबाई, जी १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत उतरली होती. डॉ. आंबेडकरांच्या आईही भीमाबाई. आई भीमा आणि लेक भीम. कृष्णा तर गावोगाव दोन्हीकडे चालतं, कारण बोलण्यात कृष्णाचाही 'कृष्णा' होतो आणि नदी तर कृष्णाच.

इथवर सगळं गमतीचं. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती पाळण्यातल्या वरवंट्यापाशी सुरू होते. वरवंटा म्हणजे दगड. बाळ दगडासारखं टिकावं, ही त्यामागची इच्छा. मूल जगेल की नाही याचा भरवसा नव्हता, त्या काळात ही इच्छा नावातही उतरली: धोंडू, दगडू. ज्या घरात आधीची मुलं गेलेली असत तिथे पुढचं मूल भीक मागून आणलंय असं दाखवून त्याला भिकू म्हणत, केरात लोळवून केरू म्हणत. टाकाऊ वस्तूवर कुणाची दृष्ट पडत नाही, मृत्यूचीही नाही, असा तो समज. यात मुलगा-मुलगी भेद नव्हता. धोंडूबाई, दगडाबाई, भिकाबाई घरोघर होत्या. १९२७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या, केसरबाई केरकरांच्या शिष्या, गायिका धोंडूताई कुलकर्णी यांचं नाव जयपूर-अत्रौली घराण्यात किती आदरानं घेतलं जातं! 'धोंडू' कानाला खडबडीत लागलं तरी त्यात माया आहे.

याच समजुतीतून नथू आला, आणि मला तो सगळ्यात बोलका वाटतो. मुलगे जगत नसले की पुढच्या मुलाचं नाक टोचून नथ घालायची, म्हणजे जे काही मुलगे ओढून नेतं त्याला ही मुलगी वाटेल आणि ते निघून जाईल. मुलाला वाचवायचं तर मुलीच्या वेशात लपवायचं. यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मुलगी कुणी चोरून नेत नाही.

तिथून नकोशी फार लांब नाही. दुसरी, तिसरी, चौथी मुलगी झाली की तिचं नाव नकोशी किंवा नकुसा ठेवायचं, म्हणजे देवाला निरोप पोचतो आणि पुढचा मुलगा होतो. धोंडू हे नाव मूल राहावं म्हणून ठेवलेलं. नकोशी हे नको असलेलं मूल राहिलं म्हणून. कानाला दोन्ही ओबडधोबड, आशय मात्र अगदी उलटा. आणि हे नाव घरापुरतं राहत नसे. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर चढे. बाई हजेरी घेताना रोज सकाळी 'नकोशी' म्हणणार, आणि त्या मुलीनं 'हजर' म्हणायचं.

गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानं केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर २०११ ला, साताऱ्यात जाहीर समारंभात २८५ नकोशींना नवी नावं मिळाली. कुणी वैशाली झाली, कुणी ऐश्वर्या. ज्या वयात नाव ठेवून घ्यायचं असतं ते उलटून गेल्यावर मुलींनी स्वतःचं नाव निवडलं. हे सातारचंच दुखणं होतं असं मात्र नाही. हरियाणाची कुस्तीपटू अंतिम पंघाल हिचं नाव 'आता ही शेवटची मुलगी' या इच्छेनं ठेवलेलं. २०२२ मध्ये ती वीस वर्षांखालच्या गटात जगज्जेती झाली. भारतीय मुलींमध्ये पहिलीच. नाव तिनं तसंच ठेवलंय.

मुलीला मुलाचं नाव देण्याच्या हौसेकडे पाहताना हे सगळं आठवतं. 'आम्ही हिला मुलासारखं वाढवलं' हे वाक्य आपल्याकडे कौतुकानं म्हणतात. बॉयकट, पँट, हाक 'बाळ्या' किंवा 'काय रे राजा'. हाकेत प्रेमच असतं, नाकारणार नाही. माझे वडीलही मला 'अरे' म्हणत. पण मुलासारखं का, मुलीसारखं वाढवलं तर काय बिघडतं, हे विचारलं की समोरचा माणूस गडबडतो. मुलगा हवा होता म्हणून ठेवलेलं नाव आणि आवडलं म्हणून ठेवलेलं नाव कागदावर सारखंच दिसतं. फरक घरातल्यांना ठाऊक असतो, आणि मुलीला तर असतोच असतो.

शिवाय मुलीचं नाव हे फार टिकाऊ प्रकरण नव्हतंच. लग्नात तबकातल्या तांदळावर नवरा अंगठीनं नवं नाव लिही, आणि जुनं नाव माहेरी राही. कल्याणची यमुना गोपाळराव जोशांकडे आनंदी झाली आणि १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन बाहेर पडली. देवराष्ट्र्याची यमुना न्यायमूर्ती रानड्यांकडे रमाबाई झाली. एका पिढीतल्या दोन यमुना, आणि इतिहासाला दोघीही दुसऱ्याच नावानं ठाऊक.

एकाच घरात हा सगळा प्रवास बघायचा तर कर्व्यांच्या घरात बघावा. सासरे धोंडो केशव, म्हणजे महर्षी कर्वे. १८९३ मध्ये त्यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाईंचं नाव आनंदीबाई झालं, आणि लोकांच्या तोंडी त्यांचं नाव 'बाया' असंच राहिलं. सून १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेली; वडील तिथे नोकरीला, म्हणून तिथल्या नदीवरून तिचं नाव इरावती. गंगा-गोदा-यमुनेच्या रांगेत ही नदी कुणी पाहिलेली नव्हती. आणि हे नाव तांदळात पुसलं गेलं नाही; मानववंशशास्त्राच्या अभ्यासात ते इरावती कर्वे असंच राहिलं. आज इरा, रेवा, ओवी, सई ऐकून नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: 'हे कसलं नाव?' असा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही कुणी तरी विचारला असणारच.

हल्लीचा गोंधळ वेगळाच आहे, आणि तो रोमन लिपीनं घातलाय. आर्य आणि आर्या, शौर्य आणि शौर्या, विजय आणि विजया. देवनागरीत एका काना-मात्रेनं फरक स्वच्छ होतो. रोमन लिपीत आर्य लिहिलं तरी शेवटी 'ए', आर्या लिहिलं तरी शेवटी 'ए'. ईमेलमध्ये मराठी क्रियापद नसतं, त्यामुळे आली-आलाचा आधारही जातो. शाळेच्या यादीत एका वर्गात तीन आर्या निघतात आणि बाई पहिल्या दिवशी पालकांना विचारत बसतात.

शासकीय कागदावरही एक बदल झालाय. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं ठरलं. भाचीचा दाखला तसाच आला. लसीकरणाच्या कार्डावर मात्र नाव वाचून कुणीतरी 'मुलगा' वर खूण केली होती. पुढच्या डोसाला माझी बहीण कार्ड पुढे सरकवून म्हणाली, 'ताई, मुलगी आहे.' ताईंनी पाळण्याकडे पाहावं तसं तिच्या मांडीकडे पाहिलं, पेन उघडलं, खूण खोडली, शेजारी नवी केली आणि विचारलं, 'ताप आला होता का मागच्या वेळी?'