लाल चट्टा: दाबाचा की ओलीचा?

पक्षाघातानंतर आईला घरी आणलं, तेव्हा नळीतून कसं भरवायचं, गोळ्या कधी द्यायच्या, हे आम्हाला नीट शिकवलं होतं. पाठ कशी तपासायची, ते मात्र कुणीच दाखवलं नव्हतं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा दिसला. डायपरचं पुरळ समजून आम्ही चार दिवस मलम लावत राहिलो आणि पाचव्या दिवशी कातडी फाटली. तो बेडसोर होता, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं दाबामुळे होणारी जखम.

पुरळ येतं लघवी-शौचाच्या ओलीनं. जांघेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, कातडीच्या घड्यांमध्ये ते पसरतं. कडा धड कळत नाहीत, आग होते, खाज सुटते. बेडसोर हाडाला धरून असतो: माकडहाड, खुबा, घोटा, टाच. अंगाच्या वजनानं तिथलं रक्त अडतं आणि कातडीच काय, आतलं मांसही मरतं. डायपर अगदी कोरडा असला तरी तो होतो.

हाडावरच्या लाल जागेवर बोट हलकेच तीन-चार सेकंद दाबून उचला. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त फिरतंय. लाल ती लालच राहिली, तर बेडसोर सुरू झालाय असं समजून लगेच नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे जांभळट छटा बघा, जागा कडक किंवा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, तेही हातानं बघा.

पुरळाला कोमट पाण्यानं पुसून, टिपून कोरडं करून झिंक ऑक्साइडचं मलम लावलं आणि डायपर वेळेवर बदलला की बहुतेकदा उतार पडतो. बेडसोरवरचं वजन हटवल्याशिवाय कुठलंच मलम कामाचं नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदला, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा. वर सरकवताना ओढू नका. दोघांनी चादरीसकट उचला. आपल्याकडे तेल लावून चोळायची सवय असते, पण लाल जागा चोळली तर आतली इजा वाढते. मधे भोक असलेली रिंगही नको, तिच्या कडेचा दाब रक्त अडवतो. एअर बेड घेतला तरी कूस बदलणं सुटत नाही.

दोन्ही एकत्रही होतात, कारण ओलीनं मऊ पडलेली कातडी दाबाखाली लवकर फाटते. काळी खपली, पू, घाण वास किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

डिस्चार्जच्या दिवशी नर्सला सांगा, पेशंटला कुशीवर वळवून या जागा आम्हाला दाखवा. त्या वेळी रात्रीच्या पाळीला बसणाऱ्यालाही बोलावून घ्या.