छोटी खासगी शाळा म्हणजे बिनतपासणीची?

लंडनमधल्या मराठी पालकांत एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: मुलींची छोटी खासगी ‘प्रेप’ शाळा (आपला बालवर्ग नव्हे, साधारण अकराव्या वर्षापर्यंतची) म्हणजे मालकाचं राज्य, तिकडे सरकार फिरकतच नाही. साफ चूक. इंग्लंडमध्ये शिक्षण खात्याकडे नोंदणी केल्याशिवाय अशी शाळा चालवताच येत नाही. तपासणी ऑफस्टेड (सरकारची शाळा-तपासणी संस्था) किंवा आयएसआय (खासगी शाळा तपासणारी सरकारमान्य संस्था) करते आणि अहवाल कुणालाही फुकट वाचता येतो. माहितीपत्रकातले हसरे फोटो बघण्याआधी तोच उघडा. मोकळीक आहे ती अभ्यासक्रमात. राष्ट्रीय अभ्यासक्रम या शाळांना बंधनकारक नाही. म्हणून इथून मुली पुढे कुठल्या शाळांत गेल्या, हे विचाराच. आणि हो, १ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागतो. सांगितलेला आकडा तो धरून आहे ना?