गाठ बसते आजीच्या पोटात

७ सप्टेंबर २०२५, रविवार. आदल्या दिवशी गणपती गेले होते, गल्लीतला गुलाल चिखलात मिसळला होता. रात्री दहाला चंद्राला ग्रहण लागलं, अकराच्या सुमाराला खग्रास झालं. मी गच्चीवर दुर्बीण मांडून बसलो होतो आणि खालच्या घरातली पाच महिन्यांची गरोदर सून हातपाय न हलवता उताणी पडून होती. रात्री दीडपर्यंत. पाणी प्यायचं नाही, कूस बदलायची नाही, विळीकडे बघायचंसुद्धा नाही. नाहीतर म्हणे पोर व्यंग घेऊन येतं.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पूर्वी अशा वेळी भांडायचो. हल्ली भांडत नाही, लिहितो.

लिहायला निमित्त मिळालं दिवाळीनंतर. धुळ्यात माझा एक मित्र बालरोगतज्ज्ञ आहे, त्याच्याकडे संध्याकाळी चहाला गेलो होतो. शेवटचा पेशंट बाकी होता. पारोळ्याकडचं कुटुंब, दहा महिन्यांचा मुलगा, चोवीस वर्षांची आई आणि सोबत सासू. आईला विचारून मी कोपऱ्यात बसलो. तक्रार एवढीच की पोरगा अजून बसत नाही. सासूबाईंना तीही तक्रार वाटत नव्हती. "याना बाप बी उशीरच बसना व्हता," त्या म्हणाल्या. आणि मग, कुणी न विचारता, "आमना घरमा असं कोनलेच नही शे."

मित्राने स्टेथोस्कोपला हात लावण्याआधी खिशातून स्कूटरच्या किल्ल्या काढल्या आणि बाळाच्या कानामागे खुळखुळवल्या. बाळाने मान वळवली. मग किल्ल्या समोर धरल्या. बाळ बघत राहिलं, हात थोडा पुढे आला, पण किल्ल्यांपर्यंत पोचला नाही. हा मित्राचा खासगी लहरीपणा आहे असं मला वाटलं होतं. पण तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्राने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जो प्रसिद्ध तपासणी तक्ता केलाय, त्यात सतराच गोष्टी बघायच्या असतात आणि सामान म्हणून एक पेन आणि किल्ल्यांचा जुडगा पुरतो. अंगणवाडीताईंनाही तो भरता येतो.

मग त्याने बाळाला काखेत धरून उचललं. निरोगी बाळ अशा वेळी खांदे घट्ट करतं. हे बाळ भिजवलेल्या पिठाच्या गोळ्यासारखं त्याच्या हातातून खाली सरकायला लागलं. पालथं करून पोटाखाली तळहात दिला, तर डोकं आणि पाय दोन्हीकडून लोंबले. त्यानंतर फीत घेऊन डोक्याचा घेर, कपडे काढून वजन, लाकडी पाटावर झोपवून लांबी. आईला प्रश्न: मान कधी धरली, हसला कधी, दूध पिताना कपाळाला घाम येतो का, दिवस पूर्ण भरले होते का. (दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाच्या वयातून ते दोन महिने वजा करायचे असतात, हे घरी कुणी करत नाही.) मोबाइलमधले जुने व्हिडिओही बघितले. आईची आठवण चुकते, व्हिडिओवरची तारीख सहसा चुकत नाही.

बाळाने काय कधी करावं याची एकच तारीख नसते, हे आधी समजून घेतलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांवरून जे पट्टे २००६ मध्ये मांडले, त्यात आधाराशिवाय बसण्याचा पट्टा साधारण चार ते सव्वानऊ महिन्यांचा आहे. एकट्याने चालण्याचा आठ ते साडेसतरा महिन्यांचा. काही मुलं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. म्हणजे शेजारणीचं पोर आधी चाललं म्हणून रडायचं कारण नाही, पण पट्टा ओलांडून गेल्यावर "बाप बी उशीरच" म्हणत थांबणंही बरोबर नाही. डॉक्टर त्यापुढे दोन गोष्टी बघतो. एकच गाडी मागे आहे की सगळ्याच? बसणं मागे आणि बोलणं, हसणं, बोट दाखवणं वेळेवर, याचा अर्थ वेगळा. बोलणंच मागे असेल तर आधी कान तपासायचे. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर: आलेलं काही परत गेलंय का? दोन शब्द बोलणारं मूल गप्प झालं, तर एक दिवसही वाट बघायची नसते.

या बाळाच्या सगळ्याच गाड्या मागे होत्या. शिवाय डोळे बाहेरच्या बाजूला किंचित वर चढलेले, नाकाचा पूल बसका, पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात चपलेचा पट्टा मावेल अशी फट, आणि तळहातावर आडवी एकच रेष. रेषेवरून सासूबाई जरा खुलल्या. गावातल्या एका हात बघणाऱ्याने त्यांना राजयोग सांगितला होता. ती एकेरी रेष शंभरातल्या तीन-चार धडधाकट माणसांच्याही एखाद्या हातावर असते. त्यातले राजे मला अजून भेटायचे आहेत. एका खुणेवरून डॉक्टर काहीच ठरवत नाही. पाच-सहा खुणा आणि सैल स्नायू एकत्र आले की मात्र त्याच्या मनात एक नाव येतं. डाऊन सिंड्रोम.

जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरने १८६६ मध्ये याचं वर्णन केलं. त्याने दिलेलं 'मंगोल' हे विशेषण वंशवादी होतं. मंगोलियाच्याच विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ मध्ये ते सोडलं. आपल्याकडे 'मंगोलिकता' म्हणणारे अजून भेटतात, त्यांत शिक्षकही असतात. कारण कळायला १९५९ उजाडलं. पॅरिसमध्ये लेज्यून, गोतिए आणि त्युरपँ यांनी दाखवलं की या मुलांच्या पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं (जनुकं वाहणारे धागे) असतात, एकविसावं तीनदा. त्याआधी फार काही शक्यही नव्हतं, कारण माणसाची गुणसूत्रं ४६ असतात हेच १९५६ मध्ये पक्कं झालं. तोवर सगळे ४८ म्हणत होते.

आता माझ्या आवडीच्या ठिकाणी आलो. जादाचं गुणसूत्र येतं कुठून?

नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा ते स्त्रीबीजातून येतं. आणि स्त्रीबीजाचा जन्म विलक्षण आहे. ते लग्नानंतर तयार होत नाही, वयात आल्यावरही नाही. मुलगी स्वतः आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजं तयार होतात. पाचव्या महिन्यात ती साठ-सत्तर लाख असतात, जन्मापर्यंत दहा-वीस लाख उरतात, आणि त्यातली जेमतेम चारशे-पाचशे आयुष्यभरात बाहेर पडतात. म्हणजे त्या दहा महिन्यांच्या बाळाचं अर्धं बियाणं चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या आईच्या आईच्या पोटात तयार झालं होतं.

शाळेत अर्धगुणसूत्री विभाजन शिकलो ते आठवा. आईकडून आलेलं एकविसावं आणि वडिलांकडून आलेलं एकविसावं जवळ येतात, एकमेकांचे तुकडे अदलाबदल करतात आणि जिथे अदलाबदल झाली तिथे त्यांची गाठ बसते. पुढे या दोघांना विरुद्ध टोकांना जायचं असतं, मग गाठ कशाला? रस्सीखेच आठवा. दोन्ही बाजूंनी दोर ताणला गेला तरच कळतं की एक संघ इकडे आहे, एक तिकडे. पेशीला हा ताण समजतो. गाठच नसेल तर ताण नाही, आणि दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला घरंगळू शकतात. तसं झालं की एका बीजात दोन एकविसावी, त्यात शुक्रपेशीचं एक, झाली तीन.

गाठ घसरू नये म्हणून पेशीने आणखी एक सोय केलीय. प्रत्येक गुणसूत्राचे दोन जुळे धागे असतात, आणि ते कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी एकत्र बांधलेले असतात. गाठीपलीकडची कडी गाठीला सरकू देत नाहीत. विभाजनाची वेळ आली की सेपरेज नावाची कात्री बाहूंवरची कडी कापते. मध्यभागाची कडी मात्र तेव्हा कापायची नसतात, नाहीतर जुळे धागेही सुटतील. तिथे शुगोशिन नावाचं प्रथिन पहारा देतं. शुगोशिन म्हणजे जपानीत रक्षक दैवत. शास्त्रज्ञांचीही हौस असते.

गंमत अशी की हा सगळा खेळ आजीच्या पोटात सुरू होतो आणि अर्ध्यावर थांबतो. गाठ बसलेली, कडी चढवलेली, अशा अवस्थेत ते बीज पंधरा, पंचवीस, चाळीस वर्षं वाट बघतं. उंदरांवरच्या २०१० मधल्या प्रयोगांत दिसलं की एकदा बसवलेली कडी नंतर बदलली जात नाहीत. आपल्याकडे शेतकऱ्याला हे समजावणं सोपं आहे. ठिबकच्या नळीच्या जोडाला बसवलेलं रबर तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात तडकतं. आपण ते बदलतो. बीजपेशीला बदलता येत नाही. म्हणून आईचं वय वाढतं तसा धोका वाढतो: विशीत साधारण दीड हजारात एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक.

पण ही आई तर चोवीसची! इथे दुसरी अर्धी गोष्ट आहे, आणि ती मला जास्त आवडते. तरुण आयांच्या बाबतीत बहुतेकदा कडी झिजलेली नसतात. एकविसाव्या जोडीत गाठच बसलेली नसते, किंवा अगदी टोकाशी बसलेली असते. टोकाशी गाठ म्हणजे पलीकडे धरायला फार थोडी कडी. सुटायला वेळ लागत नाही. आणि ही गाठ चुकते ती आजीच्या पोटात, नातवाची आई जन्मायच्याही आधी. आता लगेच विहिणीकडे बोट दाखवू नका. तिच्या खाण्यापिण्याचा, उठण्याबसण्याचा, कुठल्या पौर्णिमेचा संबंध नाही. पेशी हजारो वेळा गाठी मारते, त्यात काही चुकतात. एकविसाव्या गुणसूत्राबाबत चूक झाली तर बाळ जगतं, कारण ते सगळ्यात लहान, त्यावर जनुकं थोडी. सोळाव्याची चूकही होते, खूप होते, पण ते गर्भ पडून जातात. पहिल्या तीन महिन्यांतल्या जवळपास निम्म्या गर्भपातांमागे असा गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला असतो.

नात्यातलं लग्न हाही आरोप ऐकू येतो. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर वेगळ्या जातीचे आजार वाढतात, जिथे दोन्हीकडून एकेक बिघडलेलं जनुक यावं लागतं. सिकलसेल त्याच रीतीने येतो, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात तो घरोघरी ठाऊक आहे, आणि त्याची रक्ततपासणी लग्नाआधीच करता येते. डाऊनचं गणित तसं नाही.

त्या रात्री घरी येऊन मी ग्रहणांचं कोष्टकही काढलं, राहवेना म्हणून. बाळ पोटात असताना, एप्रिल २०२४ ते जानेवारी २०२५, खान्देशातून डोळ्यांना दिसेल असं एकही ग्रहण नव्हतं.

दवाखान्यात परत. मित्राने रक्त गुणसूत्र-तपासणीला पाठवलं. "चेहऱ्यावरून कळतंय तर खर्च कशाला?" असं मीच विचारलं. त्याचं उत्तर: डाऊनच्या शंभरातल्या तीन-चार मुलांत जादाचं एकविसावं सुटं नसतं, दुसऱ्या गुणसूत्राला, बहुधा चौदाव्याला, चिकटलेलं असतं. मग आईवडिलांचंही रक्त बघावं लागतं, कारण त्यांच्यापैकी एखाद्याकडे ते चिकटलेलं असून तो स्वतः निरोगी असू शकतो आणि पुढच्या बाळाचा धोका वाढतो. सुटं असेल तर तरुण आईला पुढच्या वेळी धोका साधारण एक टक्का.

ही तपासणी एक पाककृतीच आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपणहून विभागत नाहीत. त्यांना राजम्यातून काढलेलं एक प्रथिन देऊन जागं करतात, तीन दिवस उबेत ठेवतात आणि ऐन विभाजनात कोल्चिसिनच्या जातीचं औषध देऊन थिजवतात. पावसाळ्यात सातपुड्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी पाहिलीत? तिच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं. थोडंसं पोटात गेलं तरी जीव जातो, प्रयोगशाळेत गुणसूत्रं मोजायला मदत करतं.

रिपोर्ट यायला वेळ होता, पण मित्राने त्याची वाट पाहिली नाही. हृदयाची टू-डी इको लगेच, कारण डाऊनच्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो आणि आईने घामाचं सांगितलं होतं. थायरॉइड लगेच, कारण ते कमी असेल तर रोजच्या एका गोळीने भागतं आणि न दिल्यास मेंदूचं नुकसान होतं. कान, डोळे. आणि फिजिओथेरपी. ती जिल्ह्याच्या ठिकाणच्या डीईआयसी (मुलांसाठीच्या शीघ्र हस्तक्षेप) केंद्रात मोफत मिळते, २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात. अमेरिकेत १९८३ मध्ये डाऊन असलेली व्यक्ती सरासरी पंचवीस वर्षं जगत होती, आता साठच्या आसपास. गुणसूत्र तिथेही काढता आलेलं नाही. हृदय वेळेवर दुरुस्त झालं, एवढ्यानेच बराच फरक पडला.

निघताना आईने हळूच मोबाइल पुढे केला. 'स्टेम सेलने मूल नॉर्मल', खाली लाखांतला आकडा. जादाचं गुणसूत्र शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे; एका सुईतून ते कुठून कुठून काढणार? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल उपचाराला मान्यता नाही. "ताई, तेवढ्या पैशात आठवड्यातून दोनदा एसटीने थेरपीला या, कित्येक वर्षं पुरतील," मित्र म्हणाला.

जानेवारीत ते परत आले. एकविसावं सुटंच निघालं. हृदयात खालच्या दोन कप्प्यांमध्ये लहान छिद्र आहे, त्यावर लक्ष ठेवायचंय. बारा महिन्यांचा बाळ आजीच्या मांडीवरून उतरून टेबलावर बसला, पाठीला कुबड काढून, एक हात टेकवून, पण बसला. मित्राने किल्ल्या खुळखुळवल्या. या वेळी हात पोचला. त्याने जुडगा ओढला, तोंडात घातला आणि सोडेना. मित्राने दोनदा मागितल्या, हसत तिसऱ्यांदा. शेवटी आजीच पुढे झाली. "दे रे भाऊ आते, डॉक्टरले घर जानं शे."