माठ पाझरतो, बाटलीला घाम येतो: ओल्या बल्बचं तापमान आणि दवबिंदू

मे महिन्यात आमच्या लालबागच्या घरात ओट्यावर दोन ओल्या वस्तू शेजारी-शेजारी असतात. एक माठ आणि दुसरी फ्रिजमधून नुकतीच काढलेली स्टीलची बाटली. कशालाही हात लावा, तळवा ओला होतो. पण माठावरचं पाणी आतून पाझरलेलं असतं आणि ते हवेत निघालेलं असतं. बाटलीवरचं पाणी हवेतून येऊन बसलेलं असतं. एवढं मनात पक्कं बसलं की ‘वेट बल्ब’ आणि ‘ड्यू पॉइंट’ यांची गल्लत होत नाही. उकाड्याच्या बातम्यांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी टाकलेले दिसतात, आणि ते मला खरंच खटकतं. त्यातला एक आकडा माणसाच्या जिवाशी थेट जोडलेला आहे.

आधी माठाचा आकडा. एकसारखे दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्यावर, म्हणजे बल्बवर, मलमलीची ओली पट्टी गुंडाळा आणि पट्टीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. पाणी उडून जाताना फुग्याची उष्णता नेतं, म्हणून ओल्या थर्मामीटरचा पारा उतरतो आणि एका जागी थांबतो. ते ओल्या बल्बचं तापमान. पाणी उडवून हवेला किंवा अंगाला जास्तीत जास्त किती थंड करता येईल, त्याची ती तळरेषा. वेधशाळेत हे दोन्ही थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतात. हातात धरून गरगर फिरवायची आवृत्तीही मिळते. वारा लागलाच पाहिजे, नाहीतर पट्टीभोवती दमट हवा साचून आकडा जास्त दिसतो.

मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून थर्मामीटर आणून गॅलरीत अशी जोडी लावली होती. एका दुपारी पाहतो तर दोन्हींत ३४! फरक नाही म्हणजे पाणी उडतच नाही, म्हणजे हिशेबाने आर्द्रता १०० टक्के, आणि दोरीवरचे कपडे मात्र खडखडीत वाळलेले. बाटलीतलं पाणी संपलं होतं आणि पट्टी सुकून कडक झाली होती. सुकलेली पट्टी हवा पूर्ण ओली असल्याचं सांगते, हे तेव्हा कळलं ते कायमचं. नळाच्या पाण्याने पट्टीवर पांढरा थर धरतो, समुद्राकडच्या वाऱ्याने मीठ बसतं, आणि खारट पाणी सहज उडत नाही. मग ओला पारा पुरेसा उतरत नाही. म्हणून आता डिस्टिल्ड वॉटर वापरतो आणि पट्टी दर पंधरा दिवसांनी बदलतो.

आता बाटलीचा आकडा. हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातलं पाणी जमू लागतं, तो दवबिंदू. तो मोजायला पाणी उडवायचं नसतं, जमवायचं असतं. बाहेरून चकचकीत घासलेला स्टीलचा पेला घ्या, त्यात साधं पाणी आणि थर्मामीटर ठेवा, आणि बर्फाचे बारीक तुकडे एकेक करून टाकत हलवत राहा. पेल्यावर अगदी पहिली धूसर झाक आली की तापमान टिपा. मग पाणी तापू द्या, झाक गेली की पुन्हा टिपा. दोन्हींची सरासरी म्हणजे दवबिंदू. तोंड लांब ठेवा, श्वासातली वाफ पेल्यावर लगेच बसते. प्रयोगशाळेतलं थंड आरशाचं यंत्र हेच करतं, फक्त आरसा विजेने गार होतो आणि झाक डोळ्यांऐवजी प्रकाशाच्या किरणाने टिपली जाते.

आता आकडे. मुंबईत मे महिन्यातली दुपार, हवा ३३ अंश, आर्द्रता ६५ टक्के. ओला बल्ब साधारण २७.५ आणि दवबिंदू साधारण २५.५. नागपुरात ४३ अंश, आर्द्रता १५ टक्के धरली, तर ओला बल्ब २२ आणि दवबिंदू ११च्या आसपास. नागपूरची हवा आपल्याहून दहा अंशांनी तापलेली, तरी तिथला कूलर आणि माठ आपल्यापेक्षा कितीतरी गार करू शकतात. आपल्याकडचा कूलर कंपनीने कितीही चांगला केला तरी २७.५च्या खाली जाणार नाही.

आणि एक गोष्ट पेल्यानेच पाहता येते. ओल्या बल्बचं तापमान दवबिंदूच्या खाली कधीच जात नाही. हवा पूर्ण संपृक्त असली तरच दोन्ही एक होतात. म्हणून माठातलं पाणी घरच्याच हवेत पेल्यात ओतलं तर पेल्याला बाहेरून घाम फुटत नाही. फ्रिजचं ओतलं की फुटतो.

टक्केवारीने फसू नका. त्या तापमानाच्या हवेत मावेल त्याच्या किती टक्के पाणी आहे, एवढंच ती सांगते. जुलैत २८ अंश आणि ८७ टक्के असताना दवबिंदू पुन्हा साडेपंचवीसच भरतो. म्हणजे हवेतलं पाणी मेमधल्या त्या दुपारएवढंच. दहा बाय दहाच्या खोलीत दोन्ही वेळा अर्ध्या लिटरहून जास्त. बदललं ते हवेचं तापमान. कपाटातली बुरशी, एसीच्या पाइपावरून टपकणारं पाणी, चष्म्यावरची वाफ यांसाठी दवबिंदू पाहा. थंड पृष्ठभाग त्याच्याखाली गेला की पाणी धरणारच.

अंगासाठी मात्र ओला बल्ब. घाम उडून अंग गार होतं, आणि किती गार होईल ते हा आकडा ठरवतो. तो ३५ला पोचला तर सावलीत, वाऱ्यात, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो, असा हिशेब आहे. तरुण निरोगी माणसांवर झालेल्या प्रयोगांत तर दमट हवेत ३१च्या आसपासच शरीराला तापमान आवरेनासं झालं. नाक्यावर पोती उचलणारा हमाल किंवा पत्र्याखाली शिलाई करणारी बाई यांची मर्यादा त्याच्याही अलीकडे येणार. बातमीत ‘वेट बल्ब ग्लोब’ असं लिहिलेलं दिसलं तर तो तिसराच आकडा, त्यात ऊन आणि वाराही धरलेले असतात.

बाजारातलं छोटं डिजिटल मीटर यांतलं काहीच थेट मोजत नाही. ते सापेक्ष आर्द्रता, म्हणजे तीच टक्केवारी, आणि तापमान टिपतं, बाकीचं गणिताने काढतं. त्यामुळे टक्केवारी चुकली की दोन्ही आकडे चुकले. तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, भिजेल इतपतच पाणी घाला आणि मीटरसकट घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. माझं ८१ दाखवत होतं. त्याच्या पाठीवर पट्टी चिकटवून ‘सहा वजा’ असं लिहून ठेवलं आहे.