हिरव्या लेझरमधला सुटा ऑक्सिजन

डिसेंबरातल्या एका पहाटे पुण्याच्या वेताळ टेकडीवर पोरांना तारे दाखवत होतो आणि नेमका सप्तर्षींपाशी माझा हिरवा लेझर मंदावला. मुठीत घट्ट धरून ठेवला, तशी दोन-चार मिनिटांत त्याला पुन्हा तरतरी आली. तपकीर गल्लीत मिळतात तसला साधा पॉइंटर. दुकानदाराची यात काही चूक नाही. आतला डायोड ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश देतो आणि थंडीत त्याची तरंगलांबी सरकते. पुढच्या निओडिमियम मिसळलेल्या स्फटिकाला तो मग नीट पचत नाही. पचला, की १०६४ नॅनोमीटरचा, तोही अवरक्तच, प्रकाश बाहेर पडतो. हिरवा अजून कुठंच नाही! तो तयार होतो शेवटच्या बारीकशा स्फटिकात. दोन अवरक्त फोटॉन (प्रकाशाचे कण) आत, ५३२ नॅनोमीटरचा एक हिरवा फोटॉन बाहेर. (उरलेला अवरक्तही कधी कधी गळतो आणि तो दिसत नाही, म्हणून पॉइंटर कुणाच्या डोळ्यांकडे चुकूनही धरू नये.)

या स्फटिकाचं नाव पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेट, लाडानं केटीपी. सूत्रात पोटॅशियम, टायटॅनियम, फॉस्फरस प्रत्येकी एक, आणि ऑक्सिजन पाच. फॉस्फेट म्हणजे मधे फॉस्फरस आणि चौफलकाच्या चार टोकांना चार ऑक्सिजन. मग पाचवा कुणाचा? तो फॉस्फरसला कुठंच चिकटलेला नाही, फक्त धातूंच्या संगतीत राहतो. म्हणून हे नुसतं फॉस्फेट नव्हे, ऑक्साइड-फॉस्फेट. सगळी गंमत या पाचव्याची आहे.

प्रत्येक टायटॅनियमभोवती सहा ऑक्सिजन असतात. चार शेजारच्या फॉस्फेटांचे आणि दोन हे सुट्या जातीचे. सुटा ऑक्सिजन दोन टायटॅनियमांच्या मधे बसतो, पण मधोमध बसत नाही. एकापासून साधारण १.७ अँगस्ट्रॉम, दुसऱ्यापासून २ ते २.१. (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग.) जवळ-लांब, जवळ-लांब अशी साखळी स्फटिकभर नागमोडी जाते. या सगळ्या झुकावांची बेरीज केली, की एका अक्षावर काहीतरी शिल्लक राहतं. पालखीतल्या दिंड्या रस्त्यात कितीही वळल्या तरी तोंड पंढरपूरकडेच, तसं. अशी दिशा असलेल्या स्फटिकात प्रकाशाची वारंवारता दुप्पट, म्हणजे तरंगलांबी निम्मी, होऊ शकते. जिथं प्रत्येक झुकावाला बरोबर उलटा जोडीदार असतो, तिथं परिणाम कटतो आणि अवरक्त प्रकाश अवरक्तच बाहेर येतो.

याची पूड करणं त्या मानानं सोपं. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.३६ ग्रॅम, टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या रंगातलं पांढरं, ०.८० ग्रॅम. अगेटच्या खलात मनगट भरून येईपर्यंत घोटायचं, मुशीत भरायचं आणि भट्टी हळूहळू ८००-९०० अंशांपर्यंत न्यायची. वाटेत पाणी उडून जातं. २.१६ ग्रॅम ठेवलेत तर हाती १.९८ यायला हवेत. वजनकाट्यावर हा आकडा जुळला, की क्ष-किरणांनी तपासण्याआधीच निम्मा जीव भांड्यात पडतो.

पण पूड म्हणजे स्फटिक नव्हे. केटीपी वितळवून गोठवावं, तर ते नीट वितळण्याआधीच विघटित होतं. मग खडीसाखरेची युक्ती: पोटॅशियम फॉस्फेटच्या तप्त रसाचा पाक करायचा, त्यात केटीपी विरघळवायचं आणि भट्टी अतिशय सावकाश, कित्येक दिवस घेऊन, उतरवायची. घाई केली की पाक रवाळ होतो, एवढं आपल्या स्वयंपाकघरातही ठाऊक आहे.

१९७४ मध्ये फ्रेंच संशोधकांनी क्ष-किरणांनी ही रचना उलगडली. १९७६ मध्ये ड्यूपाँ या अमेरिकी रसायन कंपनीतल्या तिघांनी पोटॅशियमच्या जागी काही रुबिडियम बसवून प्रकाशाचे गुण मोजले. एका खोलीत दोन भाडेकरू, पुणेरी वाड्याला न शोभणारा प्रकार! कोण किती राहतो हे क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून ओळखतात. पोटॅशियमचे १९, रुबिडियमचे ३७, त्यामुळे गोंधळ नाही. तेच लोह (२६) आणि मँगेनीज (२५) एका जागेवर असले तर क्ष-किरणांना ते जुळे भाऊ वाटतात. अशा वेळी न्यूट्रॉन लागतात, आणि त्यासाठी नमुना घेऊन पुण्याहून मुंबईत ट्रॉम्बेला ‘ध्रुव’ अणुभट्टीकडे जाता येतं.

सुट्या ऑक्सिजनाची एक ओळख तर घराजवळच आहे. वाघोलीच्या खाणींतल्या बेसॉल्टमध्ये कॅव्हन्साइट हे निळंशार खनिज सापडतं. हे फॉस्फेट नाही, कॅल्शियम-व्हॅनेडियमचं सिलिकेट. पण त्यातही व्हॅनेडियमला एक ऑक्सिजन खूप जवळून चिकटलेला असतो आणि त्याला सिलिकॉन शिवत नाही. कॅव्हन्साइटमध्ये हे झुकाव जोडीजोडीनं कटतात. त्याच खाणींत, त्याच रासायनिक सूत्राचं पेंटागोनाइट नावाचं भावंडही मिळतं. दोन्ही निळे, कॅव्हन्साइटचे बहुधा गोलसर गुच्छ, पेंटागोनाइटच्या लांबट काड्या. या दुसऱ्यात बेरीज शून्य होत नाही, त्याच्या स्फटिकाला दिशा आहे.